मान खाली घालून चालायची गल्ली

आमच्या खेळाचा ट्रेलर आला तेव्हा त्याखाली लोकांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता: हे गाव खरंच आहे का?

आहे. अलिबागपासून रिक्षाने अर्ध्या तासावर आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर लोक गाड्या आणि कॅमेरे घेऊन तिथे जातील आणि बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांना विचारतील, भूत कुठल्या घरात राहतं. त्या बायका काय उत्तर देतील हे मला आता माहीत आहे, आणि ते छापण्यासारखं नाही.

मी पुण्यात एका लहानशा कंपनीत व्हिडिओ गेममधल्या जागा तयार करते. घरं, गल्ल्या, भिंतीवरची ओल, दाराची कडी. आमच्या भुताच्या खेळात समुद्रकाठचं एक झपाटलेलं गाव आहे, ते जवळजवळ सगळं माझ्या हातचं. ते मी कुठून आणलं हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आठव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत आम्ही त्या कोळीवाड्याच्या टोकाला राहायचो. बाबांची नोकरी अलिबागच्या कोर्टात होती, आणि गावात खोल्यांचं भाडं परवडायचं. माझी शाळा मात्र अलिबागची, इंग्रजी माध्यमाची.

आता खेळाबरोबर एक पुस्तिका निघणार होती: गावामागच्या खऱ्या जागा आणि त्यांचे अर्थ. ती लिहायचं काम माझ्याकडे आलं. मसुदा वाचताना आमच्या टीमचा प्रमुख एका ओळीवर थांबला. "हा शाळेचा ड्रेस खऱ्या मुलीचा आहे? मग तिला विचारून ये. लेखी घे."

खेळाच्या तिसऱ्या भागात एक अरुंद गल्ली आहे. तिच्या टोकाला एक आकृती उभी असते. डोक्याच्या जागी मडकं, अंगात पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट. तिच्याकडे पाहिलं की तुम्ही मेलात. मान खाली घालून, स्वतःच्या बुटांकडे बघत तिच्याजवळून निघून गेलात तर वाचता. हा नियम आमच्याकडे सगळ्यांना फार आवडला. सुचला कसा असं कोणी विचारलं की मी म्हणायचे, असाच.

तो असाच सुचलेला नव्हता. तो ड्रेस होता शेजारच्या रेश्माचा. गावात माझी ती एकच मैत्रीण. मी सहावीत असताना एकदा तिच्या शाळेला सुट्टी होती आणि ती आईबरोबर मासळी विकायला अलिबागला आली होती. आमची शाळा सुटली तेव्हा त्या दोघी गेटसमोर होत्या. रेश्माने मला हाक मारली. माझ्याबरोबरच्या मुलींनी नाकाला रुमाल लावले होते. मी मान खाली घातली आणि बुटांकडे बघत पुढे गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नेहमीसारख्या खेळलो. ती काही बोलली नाही, मीही नाही. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी बाबांची बदली झाली.

म्हणजे मला रेश्माला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, मी तुझं भूत केलंय. दुसरी, त्या दिवशी मी तुला ओळखलं होतं. पहिल्या गोष्टीसाठी माझ्याकडे परवानगीचा छापील कागद होता.

शुक्रवार, बंदर

गाव रंगीत झालं आहे, हे पहिल्यांदा जाणवलं. माझ्या आठवणीत ते राखाडी होतं आणि खेळातही मी ते राखाडीच ठेवलं. आता घरं गुलाबी, पोपटी, जांभळी. दर चौथ्या घरावर 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी. पण भर दुपारी रस्त्यावर माणूस नव्हतं. दारं लोटलेली, ओट्यावर रिकामी खुर्ची, कुठेतरी चालू राहिलेला पंखा. अगदी आमच्या खेळासारखं. मी दहा मिनिटं अंगावर काटा घेऊन उभी राहिले आणि मग आठवलं: पहाटे तीनला उठणारं गाव दुपारी झोपतं. हे मला लहानपणी ठाऊक होतं. पुण्यात राहून विसरले, आणि विसरलेल्या जागी भूत बसवलं.

ओहोटी होती. ओहोटीला खाडीच्या चिखलातून एक बारीक चुरचुर आवाज येतो, लाखो बुडबुडे फुटल्यासारखा. मला तो रेकॉर्ड करायचा होता. धक्क्यावर एक म्हातारे नाखवा जाळ्याची भोकं सांधत बसले होते. त्यांच्यासमोरून मी खाली उतरले, चार पावलं गेले आणि पाचव्याला गुडघ्यापर्यंत रुतले. दुसरा पाय काढायला गेले तर तोही गेला.

मी ओरडले नाही. ओरडायचं तर काय ओरडायचं हे मला ठरवता येईना. पुण्यात आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये अडकले होते तेव्हाही मी आधी वॉचमनला मेसेज केला होता. नाखवा दोन-तीन मिनिटं माझ्याकडे शांतपणे बघत होते. मग त्यांनी गावाच्या दिशेने हाक टाकली. "रेश्मे! येक पाव्हणी रुतली! आवाज न्हाय करत!"

एक बाई पंजाबी ड्रेसची सलवार वर खोचत धक्क्यावरून उतरली. चिखलात ती चालत नव्हती, जवळजवळ बसून सरकत होती. माझ्या दोन्ही काखांत हात घालून तिने मला मागे ओढलं.

"आडवी हो. आडवी! बूट जाऊ दे, पाय ठेव."

एक बूट गेला. धक्क्यावर आल्यावर तिने माझ्या तोंडावरचा चिखल ओढणीने पुसला आणि थांबली.

"मने?"

मी मान हलवली.

"वाटलंच. चिखलात गेली नि बोंबलत न्हाय, असं माणूस आमच्या गावात येकच होतं."

"कोनाची ही?" नाखवांनी विचारलं.

"आवो, कोर्टातल्या सायबाची मनी. आमच्या शेजारी ऱ्हायची ती."

"ती मुकी?"

"मुकी नव्हती ओ. बोलायची न्हाय एवढंच."

नाखवांनी सुई पुन्हा जाळ्यात घातली. "मग फरक काय?"

मी ठरवलेल्या राहण्याच्या जागी रेश्माने मला जाऊ दिलं नाही. तिचं लग्न गावातच झालं आहे, आणि नवरा बोटीवर गेला की ती आईकडे असते. आमच्याकडे पुण्यात पाहुणा आधी फोन करतो, मग पोचल्यावर पुन्हा फोन करतो. रेश्माच्या आईच्या घरी मला थेट नळाखाली उभं केलं, तिचा गाऊन दिला आणि समोर ताट आलं. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, कैरीचं लोणचं. भूक आहे का असं कोणी विचारलं नाही. त्या न विचारण्याची मला किती आठवण येत होती, हे पहिला घास घेतल्यावर कळलं.

मी त्या दिवशी दोन्हीपैकी एकही गोष्ट सांगितली नाही.

शनिवार, खळं

गावाच्या मागे मासळी वाळवायची मोकळी जागा आहे, तिला खळं म्हणतात. बांबू रोवून त्यांना दोऱ्या बांधलेल्या असतात आणि दोऱ्यांवर बोंबील टांगलेले. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात, म्हणजे जोडी दोरीच्या दोन्ही बाजूंना लोंबते आणि वाऱ्याने पडत नाही. आमच्या खेळाच्या पहिल्याच दृश्यात हे आहे, फक्त तिथे मासे माणसाएवढे आहेत. ट्रेलरचं परीक्षण लिहिणाऱ्या एकाने त्यात 'एकमेकांना गिळणारी कुटुंबं' शोधली होती. मी ते रेश्माच्या आईला, पारूमावशीला, सांगितलं.

"गिळतील कशाला?" मावशी म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. मिनिटाला कितीतरी जोड्या. "येकटा टांगला तर पडंल. म्हनून दोगं."

सकाळभर असंच झालं. मी खेळातली एकेक खूण काढायची आणि मावशी तिचा निकाल लावायची. संकट येण्याआधी खेळात जो भोंगा वाजतो, तो बर्फाच्या कारखान्याचा. जमिनीलगत सरकणारं धुकं म्हणजे डास पळवायला नारळाची सोडणं, म्हणजे वरच्या सुक्या साली, पेटवतात त्याचा धूर. खेळात भिंतीवर रक्ताचे लाल पंजे आहेत, ते मी मावशीच्याच घराच्या भिंतीवर पाहिले होते. लग्न होऊन घरात आलेल्या सुनेचे, कुंकवाचे.

"रगत?" मावशी हसून हसून खाली बसली. "आगो, ती आमची शेवंती! तिचं पंजं हायत ते! आता ठान्याला असते. तिला सांगते, तुझ्या पंज्यांना घाबरतात म्हनून."

खळ्याच्या मधोमध कावळे आणि घारींसाठी एक बुजगावणं उभं असतं. ते अजूनही आहे. मडकं तसंच, अंगात मात्र कुठल्याशा निवडणुकीत वाटलेला टी-शर्ट. मी लहान असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत, एके सकाळी त्याच्या अंगात रेश्माचा शाळेचा ड्रेस दिसला होता. गेटवरच्या प्रसंगानंतर महिनाभरातच. त्यावरून मी मनात एक गोष्ट रचली: तिने शाळा सोडली आणि त्यात माझा काहीतरी हात आहे. खरं काय ते विचारायला मी घाबरले, आणि पुढे कित्येक वर्षं ती मला त्याच रूपात दिसत राहिली.

"रेश्मा, तुझा युनिफॉर्म इथे घातला होता ना?" मी जमेल तितक्या सहज विचारलं. "तू शाळा सोडलीस तेव्हा?"

"मी कवा शाळा सोडली?" तिने टोपली खाली ठेवली. "बी.कॉम. झालंय माझं. हे सुक्या मासळीचं पॅकिंग, ऑनलाइन ऑर्डरी, काय अडाणी बाई करते?"

"मग ड्रेस?"

"छोटा झालेला! आई काय फेकून देईल?"

पुस्तिकेच्या मसुद्यात त्या ड्रेसवर मी पाऊण पान लिहिलं होतं. हरवलेलं बालपण वगैरे. ते तिथेच, कावळ्यांच्या समोर, मनातल्या मनात खोडलं.

दुपारी मावशीने जेवायला वाढलं. माझ्या ताटात कालवणातलं माशाचं डोकं आलं, अख्खं, डोळ्यासकट. त्या शेवटच्या उन्हाळ्यातही मावशी मला रोज बोलावून हेच वाढायची. तो पांढरा डोळा ताटातून माझ्याकडे बघायचा आणि मला रडू यायचं. खेळात एक ताट आहे, झाकण काढलं की त्यातून डोळा बघतो. ते हेच.

"खा," मावशी म्हणाली. "चष्मा न्हाय लागला ना अजून?"

"नाही."

"बग रेश्मे!" मावशीचा चेहरा उजळला. "मी सांगत होते का न्हाय?"

रेश्माने भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मला काही कळलं नाही.

शनिवार दुपार, माडीवर

जेवणानंतर मी लॅपटॉप उघडला. आधी दाखवावं, मग सांगावं असं ठरवलं होतं. दाखवणं मला नेहमी सोपं जातं.

मावशी थोडा वेळ बसली. ओसाड गाव बघितलं, टांगलेले मासे बघितले.

"हा कोळीवाडा हाय?"

"हो मावशी."

"नि मांजर कुटं हाय?"

"नाही ठेवलेलं."

"येवढी मासळी टांगलेली नि येक मांजर न्हाय?" तिने पडद्याकडे फार संशयाने पाहिलं. "मग भूत येनारच." आणि बोंबील पलटायला खळ्यावर निघून गेली.

रेश्माने सगळं पटापट शिकून घेतलं. तिसऱ्या भागातल्या गल्लीपाशी आली. टोकाला ती आकृती दिसली. रेश्माने ड्रेस ओळखला, माझ्याकडे एकदा पाहिलं. सरळ तिच्याकडे चालत गेली आणि मेली.

"तिच्याकडे बघायचं नसतं," मी म्हटलं. "मान खाली घालायची. हे बटण."

ती पुन्हा गेली. पुन्हा सरळ बघत. पुन्हा मेली.

"रेश्मा, हे बटण..."

"कळलं मना बटण." त्यांच्या बोलीत 'मना' म्हणजे 'मला'.

पाच वेळा मेली. आमच्या ऑफिसात चाचणी घेणाऱ्या सगळ्यांना दुसऱ्या फेरीतच युक्ती सापडते आणि सगळे मान खाली घालून पुढे जातात. रेश्मा सहाव्यांदा त्या गल्लीत शिरली, आकृतीच्या अगदी पुढ्यात जाऊन थांबली, मेली, आणि तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"माझा ड्रेस घालून माझ्या गल्लीत उभी हाय. मी कशाला खाली बघू?" मग तितक्याच साध्या आवाजात म्हणाली, "खाली तू बघितलेलंस. शाळेच्या गेटवर."

मी इतका रस्ता आले होते ते हे सांगायला, आणि तिनेच सांगून टाकलं.

"मी ओळखलं होतं तुला," मी म्हटलं.

"म्हायती हाय."

"राग आला होता?"

"येक म्हैना. तुला समजला न्हाय?"

"नाही."

"कसा समजनार? तू गप, मी बी गप." ती हसली, पण थोडंच. "माझं जाऊ दे. आईचं सांगते. घरी येईपर्यंत ती बोलली न्हाय. मग म्हनाली, सायबाची पोर मोठी झाली, आपल्याला वळखायची न्हाय आता. तिच्या तोंडाकडं बघवंना. म्हनून मी खोटं बोलले. म्हटलं, आये, तिला लांबचं दिसत न्हाय. डोळं खराब हायत तिचं, घरी सांगायला घाबरते."

मी लॅपटॉप मिटला.

"आईला खरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून बंदरावर जाऊन डोकी निवडून आनायची. विकायच्या माशाची डोकी, मने. डोळ्यांना चांगली म्हनून. तुमी जाईपर्यंत."

खाली रस्त्यावरून कोणीतरी बर्फाची गाडी ढकलत नेत होतं. मी ताटातल्या त्या पांढऱ्या डोळ्यांचा विचार करत होते. ते रोज कोणीतरी निवडत होतं.

"तू खोटं का बोललीस?" मी विचारलं.

"आई पुन्ना तुमच्या दारात आली नसती. मनाबी येऊ दिलं नसतं. मग मी खेळायचं कोनाशी?"

मी विचारलं, ती आकृती काढून टाकू का. ती म्हणाली, ठेव. मग विचारलं, निदान नियम बदलू का.

"नको. तू तसंच केलेलंस ना? मग तसाच ऱ्हाऊ दे." तिने कागद मागितला, नीट वाचला, पण सही केली नाही. "माझं झालं. आता आईला सांग. ती अजून गावभर सांगते, डोकी खाऊन सायबाच्या पोरीचे डोळे सुधारले. दोन बायका आपल्या पोरांना जबरदस्तीनं खाऊ घालतात."

रविवार, परत बंदर

सकाळी मावशी मला सोडायला धक्क्यापर्यंत आली. रेश्मा एक पाऊल मागे होती. माझा एकच बूट उरला होता म्हणून मी रेश्माच्या चपला घातल्या होत्या. मावशीने पिशवीत सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, आणि सुके बोंबील बांधून दिले होते.

मी रात्री वाक्य तयार केलं होतं. मराठीत, आधी मनात, मग बाथरूममध्ये हळू आवाजात. "मावशी," मी सुरुवात केली.

"थांब," ती म्हणाली. तिने माझी हनुवटी धरून तोंड समुद्राकडे वळवलं. आत, बऱ्याच लांब, एक बोट येत होती. "तिचा बावटा कुटला? रंग सांग."

"लाल. कडेला पिवळा."

मावशीने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि नाखवांकडे वळून ओरडली, "ऐकलं? मना लाल बी दिसंना, नि हिला पिवळा बी दिसला!"

नाखवा जाळ्यावरून मान वर न करता म्हणाले, "ती बोलली हेच लय झालं."

मावशी इतकी खूश होती. माझं वाक्य तिथेच राहिलं. मी रिक्षात बसल्यावर रेश्माने बाहेरून कागद परत दिला. सही होती. सहीच्या वर, छापील मजकुराखाली, तिने निळ्या पेनने अट घातली होती: 'खरं काय झालं ते मनीने मराठीत लिहावं. मी आईला वाचून दाखवीन.'

पुण्यात परत येऊन चार आठवडे झाले. खेळात मी एक मांजर घातलं. ते काही करत नाही, नुसतं टांगलेल्या माशांखाली बसतं. पुस्तिकेत त्या ड्रेसबद्दल आता एकच ओळ आहे: हा छोटा झाला होता. पण पुस्तिका इंग्रजीत आहे, आणि तिथे त्या गेटबद्दल काही नाही. म्हणून हे प्रवासवर्णन लिहिलं. मला स्वतःबद्दल लिहायला आवडत नाही. वर बंदर, खळं, जेवण असं बरंच लिहीत बसले, त्याचंही कारण तेच.

रेश्मा, इथून पुढे सावकाश वाच.

मावशी, माझे डोळे कधीच खराब नव्हते. त्या दिवशी तुम्ही दोघी रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या सावलीत उभ्या होतात. तू हिरवं लुगडं नेसली होतीस. टोपलीवर निळा प्लास्टिकचा कागद होता आणि त्याला दगड बांधलेला होता. रेश्माच्या डाव्या वेणीची रिबीन सुटली होती. तिने हाक मारली तेव्हा तू माझ्याकडे बघून हसलीस आणि हात वर केलास. मला सगळं दिसत होतं.